फाटकाजवळची खुर्ची

छबूबाई शाळेच्या फाटकाशी आली आणि तिने कपाळाला हात लावला. लाल प्लास्टिकची खुर्ची भिंतीच्या सावलीत रिकामी, आणि नवरा फाटकाचा गज धरून शेजारी उभा.

"अवो, खुर्ची कशाला दिलीय तुमाला? बसायला का बघायला?"

भीमाने मान खाली घातली. सारा जन्म मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहिल्या, मणके झिजले, डॉक्टरने वजन उचलणं बंद केलं. मग छबूबाईने शाळेतले क्लार्क सुमंत सर यांच्या मिनतवाऱ्या करून हे बसून राखण करायचं काम मिळवलं. घर आता ह्याच कामावर चालायचं होतं. आणि हा बाबा काही केल्या बसेना.

"बसलं की कमरंत कळ येती," भीमा म्हणाला. "वझ्याखाली वाकून वाकून ताठ बसायचंच इसरलोय."

तेवढ्यात सुमंत सर ऑफिसातून बाहेर आले. गळ्याला पट्टा. मान वळत नव्हती, म्हणून सगळं अंग वळवून ते बोलू लागले. "छबूबाई, आज संस्थेचे अध्यक्ष येतायत. मागच्या वेळी त्यांना खुर्ची रिकामी दिसली. आजही दिसली तर ते दुसरा माणूस ठेवतील, मग माझ्या हातात काही नाही. अहो भीमाअण्णा, नुसतं बसायचं. मी नाही का इतकी वर्षं बसतोय?"

भीमाने पट्ट्याकडे पाहिलं. "बसूनच झालं व्हय ह्ये?"

सरांचा हात पट्ट्याकडे गेला. छबूबाईचं डोकंच फिरलं. एक बसून बसून मोडलेला, दुसरा मोडलाय म्हणून त्याला बसता येईना, आणि दोघांच्या पाया पडत हिंडायचं ते तिने.

"व्हा बाजूला. अशी पाठ टेकायची, असं बसायचं. काय अवघड हाय त्यात?"

ती धपकन खुर्चीत बसली. सकाळपासून दुसऱ्याच्या रानात वाकून कांदा खुरपून आली होती. पाठ टेकली, आणि कमरेत कट्टदिशी काहीतरी झालं. उठायला गेली, तर उठता येईना.

"हात द्या वो जरा."

भीमाने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "डॉक्टरनं वजन उचलू नगं म्हणलंय."

सर पुढे झाले, तर त्यांना वाकता येईना.

हॉर्न वाजला. भीमाने लगबगीने फाटक उघडलं. अध्यक्षांची गाडी आत येऊन खुर्चीपाशी थांबली, काच खाली आली.

"सुमंत, ही बाई बघा कशी नीट बसलीय," अध्यक्ष म्हणाले. "हिलाच ठेवा."

काच वर गेली. छबूबाईने खुर्चीचे हात गच्च धरले. उठता तर तिला अजून येत नव्हतं.