पांढऱ्या मुठीचा वस्तरा

चौघांनी समजावून पाहिलं, पण म्हातारा ऐकेल तर शपथ. लेकाची दाढी तोच करणार होता, आणि तीही पांढऱ्या मुठीच्या वस्तऱ्याने. दुकानातल्या सहा वस्तऱ्यांत हा त्याचा जीव की प्राण. धार अशी हलकी, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. दुसऱ्या कुणाला तो त्याला हात लावू देत नसे.

लेकाला सकाळीच इस्पितळातून आणून बाहेरच्या खोलीत खाटेवर निजवलं होतं. अंगावर चादर, गालांवर आठ दिवसांचे खुंट. शेजारच्या दुकानातला कारागीर बिचारा आपणहून आला होता. मी करतो, आज तुमचा हात चालायचा नाही, म्हणाला. म्हाताऱ्याने कोमट पाण्याचा वाडगा त्याच्या हातात दिला आणि त्याला बाजूला उभं केलं.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय खोटं? अर्ध्या शहराची तोंडं गुळगुळीत करणाऱ्याचा हा एकुलता एक मुलगा, पण बापाच्या खुर्चीत कधी बसला नाही. नळापाशी उभ्या उभ्या प्लास्टिकच्या रेझरने दोन मिनिटांत उरकायचा. बापाने बस म्हटलं की त्याचं एकच, आज घाई आहे, रविवारी बसतो. तो रविवार काही उजाडला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. बापाला ते फार लागलं होतं, पण सांगतो कुणाला?

म्हाताऱ्याने वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजला. ब्रशने फेस केला, गालांवर नीट चोळला. उशाशी बसलेल्या सुनेने नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. म्हाताऱ्याचा हात जराही कापत नव्हता. कानापासून खाली त्याने दोन हात मारले, फेस पुसला आणि म्हणाला, "गाल फुगव."

खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. म्हातारा वस्तरा वर धरून थांबला, गिऱ्हाइकासाठी थांबतो तसा. मग काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मान खाली घालून त्याने अंगठ्याने कातडी ताणली. ती परत जागेवर येईना.

तिथेच, जबड्याच्या वळणावर, वस्तरा रुतला. चाळीस वर्षांत या वस्तऱ्याने कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. म्हाताऱ्याचा हात सवयीने तुरटीकडे गेला. खडा ओला करून त्याने कापलेल्या जागी दाबून धरला आणि पुटपुटत राहिला, झालं हं, झालं, आत्ता थांबेल.

बराच वेळ गेला. फेस ओघळून सुनेच्या बोटांवर आला. वाडगा धरलेला कारागीर भिंतीकडे बघत होता. शेवटी सुनेने सासऱ्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बाबा, सोडा आता. रक्त आलेलंच नाही."

म्हाताऱ्याने खडा उचलला. खाली पांढरी रेघ होती, बाकी काही नाही. तोंड अगदी जवळ नेऊन तो त्या रेघेकडे बघत राहिला.

"येईल," तो म्हणाला. "थांब गं जरा. येईल."