कळेल अशा भाषेत

१९९४ साली तंजावूरला एक्स्पोर्टचे शर्ट शिवायचा कारखाना काढताना अनिरुद्धरावांनी मुद्दाम पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली, घरी मराठी बोलणारी माणसंच घेतली. आपली माणसं मालकापुढे तोंड उघडत नाहीत, असा त्यांचा हिशेब. कामगार कायद्याचा फलक कामगारांना कळेल अशा भाषेत लावावा, हा नियम ऐकून तर त्यांना हसूच आलं. तमिळ शाळांत शिकलेल्या त्या चाळीस जणांत देवनागरी येत होती ती हिंदीच्या परीक्षा दिलेल्या एकट्या अखिलाला.

"मराठीत लिही गे. मातृभाषा आहे ना सगळ्यांची," ते म्हणाले, आणि तिनं लिहिलेल्या फलकाखाली त्यांनी तमिळमध्ये झोकात सही ठोकली.

दोन वर्षं रविवारीसुद्धा मशिनं चालली. मग लेबर इन्स्पेक्टर आले. "वाचून दाखवा कोणीतरी. यांना कळतं का बघू."

अखिला उठली. आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट मजुरी, एकेक कलम ती मोठ्यानं वाचत गेली, तसं एकेक मशीन थांबत गेलं. शेवटची ओळ तिनं अनिरुद्धरावांकडे बघत वाचली.



"खाली सही करणाऱ्या मालकाला यातलं एक अक्षरही वाचता येत नाही."