थोरलीची मान

पाकळ्या मोजता मोजता तज्ज्ञ अडखळला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माळीबुवाही त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजू लागले.

"सव्वीस," तो शेवटी म्हणाला. "बरोबर आहे."

'थोरली' हा हायब्रिड टी जातीचा जुना गुलाब माळीबुवांच्या वडिलांनी याच बागेत तयार केला होता. नाव ठेवलं ते बागेच्या मालकीणबाईंच्या सासूबाईंवरून. आता ती फक्त इथेच उरली आहे असं कळल्यावर सरकारी गुलाबबागेने हा तज्ज्ञ पाठवला होता. खात्री पटली की तो कलमासाठी फांद्यांवरचे डोळे काढून नेणार होता.

खात्री पटली तर तो चमत्कारच, हे माळीबुवांना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तणनाशकाचा पंप न धुता त्यांनी त्यातूनच किडीचं औषध फवारलं. आठवड्यात झाडाची काडी झाली. बाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. माळीबुवांनी तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या, मिळतंजुळतं झाड आणलं आणि त्याच खड्ड्यात लावलं. बाई परतल्यावर "खोल छाटणी केलीय" अशी थाप मारली. बाई नुसतं "हं" म्हणाल्या.

याच बाईंनी त्यांना कामावर ठेवताना बजावलं होतं, "चूक पोटात घालीन. खोटं नाही." तीस वर्षांची नोकरी आणि बागेमागची खोली, दोन्ही आज त्या झाडाला टांगलेली होती.

"वरच्या फांद्यांना काटे नाहीत. वास चहाच्या पत्तीचा," तज्ज्ञ पुटपुटला. मग त्याने खुरपं उचललं. "जरा बुंध्याशी कलमाचा जोड बघतो. जुन्या झाडाचा चांगला मुठीएवढा असतो."

"मुळांना हात लावायचा नाही!" शेजारी उभ्या असलेल्या बाई कडाडल्या.

माळीबुवांनी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

तज्ज्ञाने खुरपं ठेवलं. एक भरलेलं फूल तळहातावर तोललं आणि सोडून दिलं. ते ताठ उभं राहिलं.

"थोरली फुलाच्या भाराने मान टाकते. नोंदवहीत तसं ठळक लिहिलंय," तो म्हणाला. "ही थोरली नव्हे, बाई. तुम्ही आम्हाला बनवायला निघालात?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. माळीबुवांना ते बघवेना.

"त्यांना बोलू नका, साहेब. झाड माझ्या हातून मेलं. हे मी आणून लावलंय. बाईंना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही."

तज्ज्ञ पिशवी उचलून तरातरा निघून गेला. माळीबुवांनी खोलीची किल्ली काढली आणि पायरीवर ठेवली. रडू येत होतं, तरी दोन वर्षांत पहिल्यांदाच छाती हलकी वाटत होती.

"आजच जातो, बाई. वडिलांची एवढी एकच खूण होती. तीही मला राखता आली नाही."

बाईंनी किल्ली उचलून त्यांच्या हातात परत ठेवली, पण हात काही सोडला नाही.

"तुमचे वडील गेले आणि तुम्ही पंधरा दिवस गावी होतात, तेव्हाच मी जास्त खत घालून थोरली जाळली," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधीच खचून आलेले, कोणत्या तोंडाने सांगणार होते? तुमच्या हातून मेलं, ते मी आणून लावलेलं झाड होतं."