दोन तारांची तूट

मारोतरावांनी नव्या गिटारच्या तारा मोजल्या. आधी डावीकडून, मग उजवीकडून. दोन्हीकडून चारच भरल्या.

"बाकीच्या दोन कुठं हायेत गा, हरिदास?"

इतवारी बाजारातल्या मारोतरावांच्या मिरचीच्या गोदामात हरिदास दिवसभर काट्यावर पोती तोलायचा आणि संध्याकाळी त्याच पोत्यांच्या आडोशाला शेठजींच्याच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्रा हा शेठजींचा शौक. गणपतीत, लग्नात, जिथं बोलावतील तिथं पार्टी जायची आणि गाण्यांच्या मधे मधे शिंकायची, कारण साऱ्या वाद्यांत तिखट बसलेलं. चढाओढीतल्या बाबारावांच्या पार्टीनं बेस गिटार आणली हे कळल्यापासून शेठजींना चैन नव्हतं. आपल्यालाही पाहिजे, आणि चांगलीच पाहिजे. पंधराशे रुपये देऊन त्यांनी हरिदासला मुंबईला धाडलं. आज सकाळी तो गिटार घेऊन परतला, आणि हे असं झालं.

"शेठजी, बेसले चारच असतात."

"आपली जुनी गिटार सहा तारांची. केवढ्याची? तीनशेची. म्हणजे तार पडली पन्नासले. या हिशोबानं हिचे झाले दोनशे. तेराशे कुठं गेले?"

"तारा जाड हायेत ना पण."

असं बोलायला नको होतं. मारोतराव उठले आणि त्यांनी गिटार उचलून काट्यावर ठेवली. वजनं हरिदासलाच टाकावी लागली. चार किलो भरली. शेठजींनी डोळे मिटून मनात हिशोब केला. अस्सल भिवापुरी मिरचीचा भाव लावला तरी ती शंभराच्या वर जाईना.

शेठजी ओरडले की कोणी घाबरत नसे. ते हळू बोलायला लागले की गोदामातले हमालसुद्धा बाहेर जाऊन उभे राहत. आता ते हळू बोलले.

"गेल्या साली ड्रमवाला गेला. माह्या पैशानं शिकला अन् सोताची पार्टी काढून बसला. तुह्याबी मनात तेच हाये का?"

"नाही जी! आईची शपथ!"

"जो तारेत तूट करते, तो पोत्यातबी करते. उद्या बाबारावची पार्टी महाल वस्तीत वाजवून राहिली. त्याची बेस मी सोता मोजतो. सहा भरल्या, तर तुहा काटा बंद. इतवारीत कोणी तुले वजनाले हात लावू देणार नाही, ते माह्याकडं लागलं."

हरिदास गिटार खांद्याला लावून घरी आला. बायकोनं, गोपिकेनं, सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"अवो, खरं सांगा. विकल्या तर नाही ना?"

"तूबी वं?"

"तसं नाही म्हणत मी. पण अंगणात कपडे वाळू घालाले नवी तार कोणी बांधली गेल्या हप्त्यात?"

हरिदास उठला. ओली लुगडी खांद्यावर घेऊन त्यानं अंगणातली तार सोडली आणि गुंडाळी करून खाटेखाली सारली. मग त्याच्या ध्यानात आलं की आता तर घरात खरोखरच लपवलेली तार आहे. ती काढून त्यानं परत बांधली. जेवण काही गेलं नाही.

त्याला आता स्वतःचाच भरवसा वाटेना. येताना अकोल्याला गाडीत डोळा लागला होता. दुकानात नक्की चारच होत्या ना? त्यानं खोळ काढून पाहिलं. खुंट्याही चारच होत्या. जरा धीर आला. खुंट्या दाखवल्या तर शेठजींना पटेल. मग शेठजींचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ते म्हणतील, खुंट्याबी काढल्या. शिवाय बाबाराव म्हणजे महाफुशारकीचा माणूस. त्यानं दुनियेपेक्षा वेगळी, सहा तारांचीच बनवून घेतली असली तर?

दुसऱ्या दिवशी महालातल्या मांडवात शेठजी पहिल्या रांगेत बसले. शेजारी हरिदासला बसवलं. बाबाराव हात जोडून भेटून गेले, पानसुपारी झाली, पडदा उघडला. लाल दिव्याखाली त्यांचा बेसवाला उभा होता, आणि मेला झुलत होता. शेठजींनी चष्मा चढवला, बोट वर केलं.

"एक... दोन... तीन..."

हरिदासनं डोळे घट्ट मिटले. रामटेकच्या रामाला नवस बोलला.

"...चार."

मग काहीच नाही. शेठजींनी फिरून मोजलं. गाणं बदललं तेव्हा तिसऱ्यांदा मोजलं. चारच! मंचावर चढून त्या झुलणाऱ्याला मिठी मारावी असं हरिदासला झालं. आता शेठजी खजील होतील, पाठीवर हात ठेवतील, काट्यावर कायम ठेवतील. त्यानं हळूच मान वळवली.

शेठजी खजील झाले नव्हते. त्यांचा चेहरा कालच्यापेक्षा काळा पडला होता. पोत्यात हात घातलेल्या माणसाचं धरावं तसं त्यांनी हरिदासचं मनगट धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"दोन आपल्या, अन् दोन बाबारावच्या. झाल्या चार. अन् बेसले चारच असतात, हे तूच सांगितलं. सोताच्या पार्टीसाठी अख्खी गिटार जमवली गा तू!"