वाटीखालचा गोंडा

आजोबांनी टोपीचा लाल गोंडा स्टीलच्या वाटीखाली झाकला आणि हात झटकून ते मागे सरले. रजईवर बसलेल्या दहा महिन्यांच्या नातीने वाटीकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले आणि एकदम पुढे झेपावून वाटी उडवली. वाटी गरगरत पलंगाखाली गेली. गोंडा जागच्या जागी होता.

“बघितलंस, सूनबाई? काल झाकला की विसरून जात होती. आज कशी धाड घातली.”

इस्त्री उभी करून सून वळली. तिचा चेहरा उजळला. “परत झाका, बाबा. मला नीट बघू दे.”

बाहेरच्या बोचऱ्या वाऱ्यामुळे त्या तिघांनी दोन दिवस उंबरा ओलांडला नव्हता. खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. घरभर वाट्या, डबे आणि एकेकटे पायमोजे विखुरले होते. घराची जणू बालवाडीच झाली होती. इस्त्रीखाली मात्र सुनेचा गणवेश होता. उद्या सकाळी तिला आगारातून बस काढायची होती, आणि पोर तिला क्षणभर नजरेआड होऊ देत नव्हती. आठवडाभर दोघांनी सराव करून पाहिला होता. आजोबांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा, आईने पोरीचा डोळा चुकवून सटकायचे. दर वेळी पोरीने मान वळवून पाहिले की आई नाही, आणि मग असा टाहो फोडला की शेजारीण दार ठोठावी. आता तर आई नळापाशी गेली तरी ती पायांना लोंबकळत येई.

गोंडा पुन्हा झाकला गेला, पुन्हा सापडला. मग दोन वाट्या आल्या. मग वाटीवर पायमोजा. दर वेळी नात दोन्ही हात हवेत फेकून ओरडे, आणि आजोबा तिच्याहून मोठ्याने ओरडत. त्यांच्या अंगात वारे भरले. आयुष्यभर दुकान सांभाळून त्यांनी वाढदिवसांच्या मेजवान्यांत हातचलाखीचे खेळ केले होते. बोटांना ती सवय अजून होती.

नातीने वाटी उचलली. खाली काही नव्हते.

तिने वाटीच्या आत पाहिले. रजई थोपटली. पुन्हा वाटी पाहिली. आजोबांनी ऐटीत तिच्या कानामागून गोंडा काढून दाखवला, पण तिने तो पाहिलाच नाही. ओठ काढून ती आईकडे सरपटू लागली.

“बाबा, तिला फसवू नका,” सून म्हणाली. “जिथे ठेवला तिथेच सापडायला हवा. नाहीतर ती शोधेल कशाला?”

“अगं, हात आपोआप चालला. खोड आहे ती.” आजोबा खरोखरच ओशाळले. “इतका वेळ हौसेने शोधत होती, आणि मी...”

सून आजोबांच्या मुठीतल्या गोंड्याकडे पाहत राहिली. मग कोपऱ्यातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे. तिने इस्त्री बंद केली, कोट अंगात चढवला आणि मुद्दाम पोरीसमोर उकिडवी बसून एकेक बटण लावले.

“आता कुठे निघालीस?”

“दाराबाहेर. किल्ल्या वाजवू नका.” तिने पोरीचा चेहरा ओंजळीत धरला. “मी चाललेय. या दारातून. आणि याच दारातून परत येणार.”

पोरीच्या डोळ्यांदेखत तिने दार उघडले, बाहेर पाऊल टाकले आणि दार ओढून घेतले.

जिन्याच्या गार पायरीवर ती श्वास रोखून उभी राहिली. आतून एक हुंदका आला. तिचा हात कडीकडे गेला. दुसरा हुंदका अर्ध्यावर थांबला. मग फरशीवर तळव्यांचा पट्पट् आवाज, जवळ, आणखी जवळ. वारा अडवायला दाराशी लावलेली जुन्या कांबळीची गुंडाळी कोणीतरी नेटाने बाजूला ओढत होते.

दाराखालच्या फटीतून चार इवली बोटे बाहेर आली. ती क्षणभर चाचपडली, आणि मग दाराची कड घट्ट धरून वरच्या दिशेने ओढू लागली.

“सूनबाई,” आतून आजोबांचा हसू दाबलेला आवाज आला, “घाईने आत येऊ नकोस. बाईसाहेब दार उचलतायत.”