एक मात्रा जास्त

माझ्या जपानी सुनेची थोरली बहीण ओसाकात पहिल्यांदाच भेटली. छाप पाडावी म्हणून मी नातीचं जपानी गोष्टीचं पुस्तक उघडून अक्षरं जुळवत वाचू लागले. ‘ओबासान’ आलं, तसं सुनेच्या बहिणीकडे हात करत कीर्तनातल्यासारखं आळवलं, “ओबाऽऽसान!”

नात खिदळली. “अगं आजी, ओबासान म्हणजे मावशी. लांबवलंस की म्हातारी होते!”

धाकटीला वाढवता वाढवता जिचं लग्न राहून गेलं, तिलाच मी म्हातारी केलं. तिचं हसू क्षणभर मावळलं. मग मुलांना शिकवतात तशा तिने चार टाळ्या वाजवल्या: ओ, बा, सा, न. सून म्हणाली, “आता तुम्ही म्हणा, आई.”

चाळीस वर्षं कीर्तनात टाळ धरणारी मी, आणि चुकले मात्रेतच! नीट म्हटलं. तिची बहीण कौतुकाने हसली, पण माझी मान काही वर होईना.