पहिला दोडका

वारासिवनीतल्या त्या घरामागे दोडक्याच्या वेलांनी मांडव झाकून टाकला होता. पाळी आली म्हणून परसातल्या खोलीत बसवलेली पौर्णिमा पाण्यासाठी बाहेर आली, तशा सासूबाई म्हणाल्या, "मांडवाकडं जाऊ नोको. तुही सावली पडली तं वेल करपते."

"हौ," पौर्णिमा म्हणाली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकताना तिला आता रागही येत नसे, नुसती किळस यायची.

सासूबाईंनी पहिला दोडका तोडला, धुतला, देवापुढे ठेवला आणि हात जोडले.

त्याचं बी पौर्णिमानेच माघात, सासूबाई दुपारच्या निजल्या असताना लावलं होतं. तेव्हाही तिला अशीच चार दिवस बाहेर बसवली होती.